इंजिन बदललं की भाव का पडतो?

प्रश्न : १९६९ च्या कॅमॅरो झेडएल-१ मध्ये हुबेहूब तसंच दुसरं इंजिन बसवलं, तरी किंमत का घसरते?

उत्तर : कारण इथे पैसे वेगाचे नव्हे, पुराव्याचे मोजले जातात. संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं ४२७ घनइंची इंजिन असलेल्या या गाड्या फक्त ६९ बनल्या. इंजिनापोटीच ४,००० डॉलरहून अधिक मोजावे लागत, त्यामुळे तेव्हा त्या खपतही नव्हत्या! इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या ओतीव मुख्य भागावर, गाडीच्या ओळखक्रमांकाचे काही आकडे ठोकलेले असतात. ते गाडीवरच्या क्रमांकाशी जुळले, तरच गाडी-इंजिनाची जोडी कारखान्यातली. चालवताना फरक जाणवत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण साध्या कॅमॅरोतही असं इंजिन बसवता येतं, मग अस्सल ओळखायची कशी? अर्थात, आकडे घासून नव्याने ठोकणारे महाभागही आहेतच. म्हणून ब्लॉकच्या ओतकामाची तारीखही पाहा. ती गाडी तयार झाल्यानंतरची निघाली, तर सौदा तिथेच थांबवा.