गावचे घर कुठे होते?

इतिहासाच्या तासाला मी बखरींसोबत एक न्यायनिर्णयही वाचावयास देतो, हे माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल : ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, सर्वोच्च न्यायालय, १९८५.

त्यातील एक अर्जदार जोडे शिवणारा कारागीर. संगमनेरला दिवसाकाठी सात-आठ रुपये मिळत. राहते घर पडले. १९६९ साली तो मुंबईस आला, दरमहा ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या पदपथावरील जागेसाठी गुंडास ३०० रुपये मोजले. बांबू व प्लॅस्टिकला ७०० लागले. एकूण जवळपास तीन महिन्यांचा पगार! ‘हे लोक फुकट राहतात’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा.

जुलै १९८१ मध्ये पदपथवासीयांना हटवून मूळ गावी धाडण्याची घोषणा झाली. संगमनेरला धाडायचे, पण कोणत्या घरी? उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कातच येतो, हे न्यायालयाने मान्य केले. तरी झोपड्या हटविण्याचा पालिकेचा अधिकार कायम राहिला. सवलत मिळाली ती पावसाळ्यापुरती, ३१ ऑक्टोबरपर्यंत.

लोटे औद्योगिक वसाहतीत कामासाठी दूरदूरचे लोक येतात. त्यांपैकी कुणी उघड्यावर निजत असेल, तर त्याच्या संमतीवाचून वही उघडू नये. ‘घर का नाही?’ हा प्रश्न पोलिसी वाटतो, ‘गाव कोणतं?’ म्हटले की माणूस बोलू लागतो. साल आणि रुपये मात्र तो सांगेल तसेच उतरावेत. एका विद्यार्थ्याने ‘दारिद्र्यामुळे’ एवढा एकच शब्द लिहून आणला. गावचे घर कधी पडले ते विचारून ये, असे सांगून मी वही परत दिली.