वाकळेचा पहिला फेरा

वर्गात कोणी ‘वाकळ’ म्हटले की पुण्यामुंबईकडच्या मुली हसतात. त्यांच्याकडे तिला गोधडी म्हणतात. आम्हा सातारा-कोल्हापूरकडच्यांची ती वाकळ. संस्कृतातील ‘कंथा’ हीच, आणि बंगाली ‘कांथा’ हे त्याच शब्दाचे रूप. अंगावर गोधडी पांघरून गावोगाव हातात झाडू घेऊन हिंडणाऱ्या गाडगे महाराजांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत. एवढ्या थोर कुळातली ही वस्तू. पण ती शिवतात कशी, हे मला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. पांघरली मात्र जन्मापासून होती.

आजी गेली आणि तिची दोन इरकली लुगडी ट्रंकेत राहिली. बोहारणीला ती द्यायची नाहीत, हे आईने पहिल्याच दिवशी सांगून टाकले. मग वाकळच करायची ठरले. आईचा हात शिवणाला बसत नाही. घरात शिवणारी उरली एकटी धाकटी आजी, म्हणजे आजीची जाऊ. आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून सुई माझ्या हाती आणि शब्द तिचे, अशा भागीदारीत गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कामाला आरंभ झाला.

प्रथम कापडाचा हिशेब. नऊवारी लुगडे सुमारे ८ मीटर लांब आणि पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा एका माणसाच्या अंथरुणाएवढा होतो. दोन लुगड्यांचे आठ तुकडे झाले. त्यांतील दोन बसून बसून इतके विरले होते, की उजेडात धरताच आरपार दिसत. ते बाजूला ठेवले. उरले सहा, म्हणजे सहा पदर. कापड कात्रीने कापायचे नाही, कडेला चीर देऊन फाडायचे. फाटताना ते सुताच्या ओळीनेच फाटते आणि कोन सरळ राहतात. सर्वांत धड तुकडा तळाला, त्याच्या खालोखालचा वर, आणि जीर्ण ते मध्ये. नवे कोरे कापड मध्ये घालू नये, कारण धुतल्यावर ते आटते, जुने आटत नाही, आणि साऱ्या वाकळेला चुण्या पडतात. इरकलीचा लाल पदर रेशमी असतो, अंग सुती. म्हणून पदरही आधी काढून ठेवला. नायलॉनच्या साड्यांचे तर नावच नको. त्या घसरतात आणि घाम शोषत नाहीत.

पदर एकावर एक अंथरून, चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, असे हाताला लागेल ते वजन ठेवतात. तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढतात. मग वीतवीत अंतरावर लांब कच्चे टाके घालून सगळे पदर एकमेकांना जखडतात. हे टाके शेवटी उसवायचे असतात. जे उसवायचेच, त्यावर दुपार का घालवावी, असा शहाणपणाचा विचार मी केला आणि दोन ओळींवर काम भागवले.

खरी शिवण म्हणजे साधा धावदोरा. दोरा दुपदरी आणि हातभरच घ्यावा. लांब घेतला तर गुंता होतो. गाठ पदरांच्या आत दडवावी. डावा हात खाली, सुईचे टोक बोटाला लागले की ती वर वळवायची, आणि चार-पाच टाके सुईवर चढले की एकदम ओढायची. ओढ बेताची हवी. माझ्या पहिल्या फेऱ्याच्या कडेला अशा चुण्या पडल्या की तो तेथेच उसवावा लागला. अंगुस्तान न घालण्याचा हट्ट मी तिसऱ्या दिवशी सोडला.

कड दुमडून पहिला फेरा, मग दोन बोटे आत दुसरा, असे चौकटीत चौकट करीत मध्यापर्यंत जायचे. याचेही गणित मी करून पाहिले. दोन बोटे म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर धरले, तर एका माणसाच्या वाकळेत सत्तरएक मीटर शिवण होते. सेंटिमीटरला एक टाका म्हटले तर सात हजारांवर टाके. आमच्या घरात अशा सात वाकळी आहेत आणि त्यांतल्या एकीचेही टाके आजवर कोणी मोजलेले नव्हते.

अकराव्या फेऱ्याला धाकटी आजी जवळ येऊन बसली. तिला रेघ दिसत नव्हती. तिने नुसता हात फिरवला आणि मध्यावर थांबली.

“आगं बाय, हितं फुगा धरलाय. कच्चं टाकं घातलंस न्हवं?”

“घातले की. दोन ओळी.”

“दोन वळींनी काय हुतंय? कापाड सरकत सरकत मदी जमा झालं बघ.”

पुढे ग्रंथालयात वाचले तेव्हा या एका वाक्याचा अर्थ उलगडला. अमेरिकेतील बायका आपली रजई चौकटीवर ताणून पुष्कळदा मध्यापासून कडेकडे शिवीत जातात, म्हणजे कापडाचा ढिलेपणा बाहेर निघून जातो. आमची रीत उलटी. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची ‘कवंडी’ही अशीच कडेकडून आत येते. चौकट नको, जमीन पुरते, आणि कड आधी पक्की होते, ही त्यातली सोय. पण आतला ढिलेपणा मग जाणार कोठे? कच्च्या टाक्यांनी त्याला जागच्या जागी धरलेले नसेल, तर तो मध्यावर कोंडला जातो. मी ज्यांना तात्पुरते समजत होते, त्यांच्यावरच सगळी रीत उभी होती.

फुगा पाहताच मी रागाने तीन फेरे उसवायला घेतले. दुसऱ्याच फेऱ्यात सुईच्या भोकांच्या ओळीने वरचा हिरवा पदर वीतभर फाटला. जुन्या कापडाला उसवणे सोसत नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. खरे म्हणजे मी विचारले नव्हते. हे लुगडे नेसून आजी मला बारावीच्या निकालाच्या दिवशी शाळेत न्यायला आली होती. मी सुई खाली ठेवली. ते कापड पुन्हा मिळणारे नव्हते.

धाकटी आजी रागावली नाही. तिने मला तो लाल पदर आणायला लावला. फुग्याचे जास्तीचे कापड एका बारीक चुणीत दाबून बसवले, त्यावर आणि फाटलेल्या जागेवर पदराचा मोठा चौकोन ठेवून कडा आत दुमडायला सांगितल्या, आणि पुढचे फेरे त्याच्यावरून न्यायला लावले. “रेशीम हाय, दाबून धर,” एवढेच म्हणाली. रेशमी तुकडा आतल्या पदरांत चालत नाही. वर मात्र तो ठिगळ म्हणून टिकला.

ती वाकळ आता वसतिगृहात माझ्याजवळ आहे. खोलीतल्या मैत्रिणी मधल्या लाल चौकोनाची नक्षी कोठे शिकलीस म्हणून विचारतात. दिवाळीच्या सुट्टीत दुसरी वाकळ घातली, वडिलांच्या धोतरांची. तिचे कच्चे टाके घालायलाच अडीच दिवस लागले. धाकट्या आजीने दोनदा हात फिरवून पाहिला आणि मगच मला पहिला फेरा धरू दिला.