हळवे लेकरू

शाळेची वेळ झाली की काही लेकरांच्या पोटात दुखू लागते. रविवारी मात्र दुखत नाही. घरचे म्हणतात, "सोंग करतंय!" मग पाठीत धपाटा बसतो. आम्ही पुष्कळ वर्षे शाळा चालवली. आम्ही सांगतो, हे सोंग नव्हे. भीतीने पोट खरोखर दुखते.

काही मुले जन्मापासूनच हळवी असतात. हा रोग नाही. गुरुजी दुसऱ्यावर ओरडले तरी यांचे डोळे भरतात. गोंगाट यांना सोसत नाही. पण बारीक गोष्ट यांच्या लवकर ध्यानात येते. विष्णुपुरीच्या धरणाचे दार उघडले अन् गोदावरीचा आवाज बदलला, तर असले पोर आधी कान टवकारील.

त्याला "मुळूमुळू रडतोस काय" म्हणू नका. घरीही ठेवून घेऊ नका. त्याने भीती वाढते, अन् शाळा सुटते ती सुटतेच. माय-बापाने गुरुजींना भेटावे. सांगावे, "याला एकदम उभं करू नका. उद्या वाचायचंय, हे आज सांगा." मग घरी दोनदा वाचून घ्यावे. शेजारी ओळखीचा सोबती बसवावा.

आणि छडी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला बंदी आहे. टाकून बोलून छळायलाही आहे.

पोर जेवेना, झोपेना, असे फार दिवस चालले तर विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. चिठ्ठी काढताना सांगावे, "पोटही दाखवायचंय, अन् मनाच्या डॉक्टरांनाही."