उजेडाचा हिशेब आधी मांडा

कारखान्याच्या बांधकामात खर्च कमी करायची वेळ आली, की पहिली कात्री नैसर्गिक उजेडावर चालते. वास्तुरचनेच्या व्यवसायात हे मी वारंवार पाहिलं आहे. भोसरीतल्या एका शेडला तर ही काटकसर फार महागात पडली.

मूळ नकाशात नॉर्थ लाइटचं छत होतं. मुंबईच्या कापड गिरण्यांवर असायचं तसं, उत्तरेकडे उभ्या काचांचं. मालकांनी ते रद्द करून सरळ पत्रा घातला. ट्रसचा खर्च वाढत होता आणि पावसात गळेल ही धास्तीही होती. शेड सुरू झाली ती भर दुपारी सगळे दिवे लावून. तपासणीच्या टेबलावरचा कामगार जॉब उचलून शटरपर्यंत जायचा, दारातल्या उजेडात तो तिरका धरून ओरखडा शोधायचा आणि परत यायचा. दिवसभर हेच चालायचं, आणि या फेऱ्या कुठल्याही एस्टिमेटमध्ये नव्हत्या. पुढे छत कापून काचा बसवायचं ठरलं तेव्हा खाली यंत्रं लागलेली होती. काम फक्त सुट्टीच्या दिवशी करता येई. सुरुवातीला वाचवलेल्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त पैसे गेले.

म्हणून सांगतो, मालकापुढे 'प्रसन्न वातावरणा'ऐवजी आकडे ठेवा. १५० वॉटचे १०० दिवे रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस चालले, तर ४५,००० युनिट जळतात. युनिटला ९ रुपये धरले, तर ४ लाख ५ हजार रुपये. यातले निम्मे तास उजेडावर भागले, तरी वर्षाला दोन लाख वाचतात. छताच्या वाढीव खर्चाला या बचतीने भागा, म्हणजे पैसे किती वर्षांत वसूल होतील ते कळेल. दर मात्र त्यांच्याच बिलातला घ्या आणि पावसाळ्यातली बचत हात राखून धरा.

एलईडी आल्यापासून विजेची बचत पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. म्हणून मालकाच्या जुन्या कारखान्यातल्या खिडकीजवळच्या आणि आतल्या टेबलांचं रिजेक्शन वेगवेगळं काढायला सांगा. फरक दिसला, तर मालकाला तो विजेच्या बिलापेक्षा लवकर पटतो.

आराखड्यातही काळजी घ्या. पश्चिमेचं ऊन आत घेऊ नका. पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कलतो, म्हणून उत्तरेच्या काचांनाही छोटा छज्जा द्या. दिव्यांची सर्किटं काचांना समांतर ओळींत तोडा, नाहीतर एका कोपऱ्यात अंधार असला की सगळी शेड पेटलेली राहते. गळतीची भीती असेल, तर पन्हळ आणि सांधे यांचा तपशील नकाशातच दाखवा. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम १७ उजेडाच्या काचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ ठेवायला सांगायचं; काचा स्वच्छ ठेवायच्या तर तिथवर पोचायची वाटही आखा.

हे सगळं एका कागदावर मांडा आणि ट्रसची ऑर्डर जाण्यापूर्वी मालकाच्या हातात द्या. त्यांना उजेड नको असेल, तर निदान त्याची किंमत वाचून तसं ठरवू द्या.