एकाच तारेतून अनेक आवाज



तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, हे आम्ही दर हंगामात सांगतो. ऊस वाळला की वजन घटते, उतारा घटतो; नुकसान दोघांचेही. पण गाडीतळावर एकच कर्णा असला की काट्याचे नंबर, टोळ्यांचे निरोप आणि लागवडीच्या सूचना त्याच्यावरच एकामागून एक येतात. ज्याला जे हवे ते नेमके ऐकू येत नाही आणि गाडी ताटकळते.

संगणक जोडणाऱ्या लॅनच्या तारेतून एकाच वेळी पाच-सहा वेगळे आवाज पाठवता येतात. ते कसे, हे प्रत्येक सभासदाने समजून घ्यावे. म्हणजे उद्या कोणी महागडी यंत्रणा गळ्यात मारू लागला, तर योग्य प्रश्न विचारता येतील.

१) साधा आवाज पुरतो. टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले बोलणे जाते, तरी शब्द न् शब्द कळतो. त्यासाठी सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिटांचे, म्हणजे ६४ किलोबिट लागतात. गाण्याच्या सीडीला १,४११ लागतात, म्हणजे बावीसपट. नंबर पुकारायला गाण्याची सीडी कशाला? २०१२ साली प्रमाणित झालेल्या 'ओपस' पद्धतीने तर १६ किलोबिटांतही बोलणे स्वच्छ जाते.

२) मोळी आणि चिठ्ठी. आवाज सलग जात नाही, मोळ्या बांधून जातो. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक मोळीला पत्ता व क्रमांकाची चिठ्ठी असते, सुमारे ५८ बाइटची. एका सेकंदात ५० मोळ्या केल्या तर ओपसचा माल प्रत्येकीत फक्त ४० बाइट. मालापेक्षा चिठ्ठीच जड! तीन मोळ्यांची एक केली की एकूण भार ३९ वरून २४ किलोबिटांवर येतो. मात्र एखादी मोळी वाटेत सांडली तर तेवढा मोठा तुकडा गळतो. सांडलेली मोळी परत मागवत बसायचे नाही. ती येईपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते.

३) पाट एक, दारे अनेक. समजा ४० ठिकाणी कर्णे आहेत. प्रत्येकाला सीडीच्या प्रतीची वेगळी प्रत पाठवली तर ५६ मेगाबिटांवर भार जातो. १०० मेगाबिटांच्या जाळ्यात निम्म्याहून जास्त पाणी तिथेच मुरले. साध्या आवाजात तेच काम एका मेगाबिटाच्या आत होते. त्याहून चांगली युक्ती मल्टिकास्टची. सहा आवाजांचे सहाच प्रवाह निघतात आणि ज्याला जो हवा त्याने आपल्या चारीचे दार उघडायचे. ऐकणारे वाढले तरी उगमावरचा भार वाढत नाही. स्विच मात्र ही दारे ओळखणारा हवा, नाहीतर पाणी सगळ्या शेतांत पसरते.

४) थोडा साठा हवा. मोळ्या कधी लवकर, कधी उशिरा पोचतात. गव्हाणीपाशी चार गाड्या शिल्लक असल्या की गाळप थांबत नाही, तसे ऐकणाऱ्या यंत्रात क्षणभराचा आवाज साठवून ठेवतात. साठा फार वाढवला तर आवाज उशिरा येतो. शेजारच्या दोन कर्ण्यांत साठा कमी-जास्त असेल तर घुमल्यासारखे होते.

५) खबरदारी. तांब्याची तार एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच चालते. पुढे स्विच किंवा काचतंतू लागतो. वायफायवर मल्टिकास्ट बहुधा संथ गतीने जाते आणि जास्त गळते, म्हणून तिथे मोजकेच ऐकणारे असतील तर वेगळ्या प्रती बऱ्या. वीज गेली की स्विच बंद, सगळे आवाज बंद. म्हणून आगीचा भोंगा या तारेवर ठेवू नये.

तेव्हा कोणताही देकार आला की तीन प्रश्न विचारा : एका आवाजाला किती किलोबिट? मल्टिकास्ट आहे का? वीज गेल्यावर काय? यांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर सही करण्याची घाई नको. पैसा सभासदांच्या घामाचा आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी