जुनी फियाट दारात आली की आधी कागद, मग पाना



लातूरच्या बॅचमध्ये गॅरेजचं काम येणारी तीन-चार पोरं होती. त्यातल्या एकाने विचारलं, "सर, घरच्या अंगणात जुन्या गाड्या तयार करून द्यायचा धंदा चालंल का?" चालतो. पण त्यात मिस्त्री कसा आहे यापेक्षा हिशोब आणि कागद कसे आहेत यावर जास्त ठरतं. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आपल्या भागात जुनी गाडी म्हणजे बहुतेक वेळा फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. पुढे सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती. २० वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. ते टॅक्सीचं झालं. घरगुती गाड्यांचं तसं नाही. नांदेडात, लातुरात, उदगीरला एखाद्या डॉक्टरच्या किंवा वकिलाच्या वाड्यात ताडपत्रीखाली अजून गाडी सापडते. पोरं पुण्याला किंवा हैदराबादला असतात आणि वडिलांची गाडी विकायला जीव होत नाही. तुमचं गिऱ्हाईक हेच आहे.

आता पहिली गोष्ट, कागद. गाडी अंगणात घ्यायच्या आधी आरसी मागा. निम्म्या वेळा ती वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते. मालक वारल्यावर आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. घरोघरी हे राहून गेलेलं असतं. चार भाऊ असतील तर एकाने गाडी तुमच्याकडे सोडलेली असते आणि काम निम्म्यावर आलं की दुसरा येऊन म्हणतो, कुणाला विचारून खोलली? मग गाडी तुमच्या अंगणात, पैसे अडकलेले. म्हणून नाव कुणाचं आणि काम कुणाच्या सहीने, हे पहिल्या दिवशी कागदावर.

दुसरा गैरसमज असा की १५ वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात. तो १०-१५ वर्षांचा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासचा आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी करून ५-५ वर्षांसाठी वाढवता येते. फी आणि पर्यावरण कर लागतो, आणि मध्ये बरीच वर्षं खंड पडला असेल तर दंडही. एस्टिमेट द्यायच्या आधी आरटीओत जाऊन नेमका आकडा विचारून या. गिऱ्हाईकाला तो आधीच सांगितला की नंतर तोंड वाकडं होत नाही.

तिसरी गोष्ट व्हिंटेज नोंदणी. केंद्राने २०२१ मध्ये याचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे ५ वर्षांच्या नूतनीकरणाला ५,०००. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या फियाटी आता एकेक करून या वयात येतायत. ऐकायला भारी वाटतं ना? पण अट वाचा. ही गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, आणि पेट्रोल-दुरुस्तीसाठी जाणं-येणं, एवढंच. धंद्यासाठी तर नाहीच.

इथेच बऱ्याच जणांचा प्लॅन मोडतो. "गाडी तयार करू, नवरदेवासाठी लग्नात भाड्याने देऊ" हे मला दर बॅचला ऐकू येतं. व्हीए नंबरवर ते चालत नाही, आणि साध्या पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीवरही भाडं घेता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण दाखवेल. लग्नाच्या भाड्यावर कर्ज काढायचा विचार असेल तर सोडून द्या.

व्हिंटेजसाठी आणखी एक अट आहे: चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नको. पद्मिनीत कुणी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलेलं असेल तर ते आधीच ओळखा. आणि पेंटरला बजावून सांगा की चासी नंबरवर ग्राइंडर आणि पुट्टी चालवायची नाही. नंबर पुसला की गाडी कितीही चमकली तरी आरटीओत अडकणार.

आता हातातलं काम. दहा वर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारायचा नाही. चारही प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस राहू द्या, मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर पुढचा खर्च एक, नाही फिरलं तर वेगळाच. म्हणून एस्टिमेट याच्यानंतर द्यायचं. जुनं पेट्रोल टाकीत गोंदासारखं होतं. टाकी उतरवून धुवा, पण रिकाम्या टाकीला वेल्डिंग कधीच नको, आतल्या वाफेने ती फुटते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने खराब होतो, ते बदलूनच द्या. ब्रेकची रबरं आणि ऑइल नवं. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. घरी लेकरं खेळत असतात, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे कोकणासारखा गंज नसतो, पण उन्हाने रबर आणि वायरिंग कडक होऊन तुटतं. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकलं की क्षार बसतात, कुलंटच वापरा. पाण्यावरून आठवलं, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. जोडीला वॉशिंग सेंटर काढायचं डोक्यात असेल तर ते आठवा.

आता पैसा. समजा तुम्ही एक लाखात सगळं काम अंगावर घेतलं. सामान ४२,०००, बाहेरून डेंटिंग-पेंटिंग ४५,०००. उरले १३,०००. तुमचे तास लागले २००. म्हणजे तासाला ६५ रुपये, आणि चार महिने अंगण अडकलं ते वेगळंच. आकडे उदाहरणाचे आहेत, पण उक्तं काम असंच खातं. जुन्या गाडीत पत्रा खोलल्याशिवाय खरी अवस्था कळत नाही, म्हणून उक्तं घेऊच नका. तपासणीची फी वेगळी. मग टप्पे करा: इंजिन, ब्रेक, वायरिंग, शेवटी रंग. प्रत्येक टप्प्याच्या सामानाचे पैसे आधी, मजुरी तासावर, आणि दर आठवड्याला फोटो मालकाच्या व्हॉट्सॲपवर. काढलेला प्रत्येक स्क्रू नाव लिहिलेल्या पिशवीत, जुना पार्ट मालकाला परत.

सामानासाठी एकदा तपोवन किंवा देवगिरीने मुंबईला जाऊन कुर्ल्याचा सीएसटी रोड पायी फिरा. दोन-तीन दुकानदारांची ओळख झाली की पुढचं ट्रॅव्हल्सच्या पार्सलने येतं. काच, हेडलाइटची रिंग, दाराची हँडलं दिसली की एक जास्तीचा सेट घेऊन ठेवा, पण एकच. मालात पैसा घालायची हौस इथे फार लवकर लागते.

मला विचाराल तर सुरुवात पूर्ण रिस्टोरेशनने करूच नका. देखभालीचा करार विका. महिन्यातून एकदा घरी जाऊन गाडी सुरू करायची, थोडी फिरवायची, हवा, ऑइल, बॅटरी बघायची आणि हैदराबादला बसलेल्या पोराला व्हिडिओ पाठवायचा. गाडीमागे महिना ८०० रुपये धरले आणि बारा गाड्या मिळाल्या तर ९,६०० दरमहा, अंगण मोकळंच. यातल्याच एक-दोन गाड्या पुढे पूर्ण कामाला येतात, आणि तोवर ती गाडी आतून कशी आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. बारा गाड्या सापडायला वेळ लागेल. जुन्या पेट्रोल पंपावर आणि टायरवाल्याकडे विचारा, गावात कुणाच्या घरी काय उभं आहे हे त्यांना पाठ असतं.

उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून घ्या. कराराचा आणि तपासणीच्या कागदाचा नमुना बॅचमध्ये देतोच. कार्बोरेटर खोलून साफ करायचा व्हिडिओ पुढच्या रविवारी येतोय.