पिशवी काढायची घाई कुणाला?

शिबिराच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' लिहून आलं की बाईच्या घरात बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तो कागद डाळीच्या डब्याखाली जातो आणि पुन्हा कुणी त्याचं नाव काढत नाही. नाहीतर त्याच आठवड्यात बाई पिशवी काढायला ॲडमिट होते. मी कोरेगाव तालुक्यातली अंगणवाडी सेविका. दोन्ही प्रकार वाड्यावस्त्यांवर बघितलेत, आणि दुसऱ्यात मी स्वतःच सापडता सापडता वाचले.

शिबिर आमच्या उपकेंद्रात होतं. तोंड, स्तन आणि गर्भपिशवीचं तोंड, अशा तीन जागांच्या कॅन्सरची तपासणी. 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी 2016 पासून ती सरकारी कार्यक्रमात आहे. माझा नंबर आला तेव्हा पडद्यामागं टेबलावर झोपवून सिस्टरनं कापसाच्या बोळ्यानं आत पातळ ॲसिटिक ॲसिड लावलं. म्हणजे व्हिनेगरच, चायनीजच्या गाडीवर येतो तोच वास. मग मिनिटभर थांबायचं. पेशींत बदल असला तर तेवढी जागा पांढरी पडते. या तपासणीला 'व्हाया' म्हणतात. माझी जागा पांढरी पडली. सिस्टरनं बॅटरीच्या उजेडात पुन्हा एकदा बघितलं आणि कागदाच्या पाठीमागं पेनानं लिहून दिलं: आधी दुर्बीण, मग तुकडा, मग काय ते.

घरी मिस्टर म्हणाले, ओळखीच्या डॉक्टरांना दाखवू. तिथं सोनोग्राफी झाली. "पिशवीला सूज आहे. दोन पोरं झालीत ना? मग ठेवून काय करायचीय? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?" खर्चाचा आकडाही चिठ्ठीवर आला. मी कागद उलटा करून पुढं ठेवला आणि विचारलं, दुर्बिणीची तपासणी कुठं होते? उत्तर मिळालं, "पिशवीच नसली तर प्रश्नच मिटला."

माझ्या थोरल्या बहिणीचा प्रश्न असाच मिटवला होता. तिला तासगावकडं दिलीय, घरची द्राक्षबाग. अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेली आणि ऐन बत्तिशीत पिशवी अंडाशयांसकट काढून घरी आली. पाळी त्या दिवशीच संपली. मागोमाग अंगाची आग, रात्रीचा घाम, आणि चाळिशीच्या आत कंबर अशी धरली की बागेत वाकवेना. अंडाशयं इतक्या लवकर काढली की हाडं झिजायला लागतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, म्हणून मी तिची फाइल चाळली. तसला रिपोर्टच नव्हता. कॅन्सरच्या भीतीनं काढलेल्या पिशवीत कॅन्सर होता की नव्हता, हे आजही कुणाला माहीत नाही. पांढरं जाण्याचं कारण बहुतेकदा साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो.

ही एकट्या तासगावची गोष्ट नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं सर्वेक्षण झालं, तेव्हा 82,309 जणींपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर त्या जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम आला. आमच्याकडच्या कारखान्यांवर बीडच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्यांवर मी लसीकरणासाठी जाते. तिथल्या बायका पिशवीबद्दल दात काढावा तसं बोलतात.

त्या दवाखान्यातून उठल्यापासून या विषयावर मिळेल ते वाचते. सगळ्यात मोठा धडा आपल्याच शेजारच्या मुलखात घेतला गेलाय. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास सुरू केला. गावांचे चार गट पाडले. एका गटात गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हाया, आणि चौथ्यात फक्त नेहमीच्या सोयी. या चौथ्या गटावरून पुढं बरीच टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. 2009 मध्ये निकाल आला. आठ वर्षांत एचपीव्हीच्या गटात या कॅन्सरनं 34 बायका गेल्या, तपासणी न झालेल्या गटात 64.

मला मात्र त्यातला दुसराच आकडा कामाचा वाटला. व्हाया केलेल्या शंभरातल्या जवळजवळ 14 बायका पॉझिटिव्ह आल्या होत्या, आणि पुढच्या तपासण्यांत त्यातल्या बहुतेकींना गंभीर काही निघालं नाही. साध्या सुजेनंसुद्धा जागा पांढरी दिसू शकते. त्या सगळ्यांच्या पिशव्या काढल्या असत्या तर?

व्हाया कुचकामी आहे, असं यावरून कुणी म्हणू नये. त्या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हायानं मृत्यू ठळकपणे घटले नाहीत, हे खरं. पण टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींच्या चमूनं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या बायकांना तयार करून दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या केल्या, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. एकदाच्या शिबिरात फोटो निघतात, बायका वाचायच्या तर पुन्हा पुन्हा बोलवावं लागतं.

हा कॅन्सर सावकाश येतो. विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण दहा-वीस वर्षं जातात, आणि पुष्कळ जणींच्या शरीरातून विषाणू आपोआप निघूनही जातो. म्हणजे घाई रोगाला नसते, चिठ्ठीवर आकडा लिहिणाऱ्याला असते. घाईतला मोठा धोका वेगळाच आहे. खरोखर कॅन्सर झालेला असेल आणि न तपासता साधी पिशवी काढली, तर ते ऑपरेशन अपुरं पडतं. पुढचे उपचार मग जास्त किचकट होतात. म्हणून दुर्बीण आधी.

ती तपासणी, कोल्पोस्कोपी, मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात करून घेतली. तांदळाएवढा तुकडा काढला, चिमटा बसल्यासारखं झालं. रिपोर्टात कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीचे बदल होते. भूल न देता, तापवलेलं टोक मिनिटभरापेक्षाही कमी वेळ लावून तेवढी जागा जाळली, आणि संध्याकाळच्या एसटीनं मी घरी आले. पुढं काही आठवडे पाण्यासारखं जात राहिलं, महिनाभर संबंध टाळायला सांगितले होते. वर्षानं पुन्हा बोलावलं, तेव्हा सगळं नीट होतं. पिशवी जागेवर आहे.

आता कुणी कागद घेऊन माझ्याकडं आली की मी आधी विचारते, त्रास काय होतो? पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातंय किंवा घाण वासाचं पाणी जातंय, तर शिबिराची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात जायचं. शिबिराची तपासणी काहीच त्रास नसलेल्या बाईसाठी असते, हे आमच्याकडं उलटं समजतात. निरोगी बाई म्हणते, मला काय झालंय? आणि रक्त जाणारी शिबिराच्या तारखेसाठी थांबते.

कुणी पिशवी काढायला सांगितलं तर ठरावीक प्रश्न विचारा. तुकडा तपासला का? औषधानं जमणार नाही का? अंडाशयं ठेवणार का? काढलेली पिशवी तपासायला पाठवणार का? प्रश्नांना डॉक्टर चिडले तर दुसरे डॉक्टर बघा. फायब्रॉइड, फार रक्तस्राव, खरा कॅन्सर यांत पिशवी काढावीही लागते, मी त्याविरुद्ध नाही. पण कागदावर कारण हवं.

मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असेल तर एचपीव्हीच्या लसीचं विचारून घ्या. पुण्याच्या सीरमनं 2023 मध्ये आपली लस बाजारात आणलीय. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी टळत नाही.

दुर्बिणीसाठी मिरज, कराड, सातारा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत स्त्रीरोग विभागात चौकशी करा. पाळी चालू असताना जाऊ नका, परत पाठवतात. केसपेपर सकाळीच निघतो, तेव्हा पहिली गाडी धरा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी लागतात. आणि शिबिराचा तो कागद घरी विसरू नका, डाळीच्या डब्याखाली असला तरी.